चारही रेडियल

नोरीनने नवऱ्याच्या मनगटावर जॅकचा दांडा घातला तेव्हा मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. हाड मोडल्याचा आवाज मला कुंपणापलीकडून ऐकू आला. इंग्लंडातल्या कीघली गावच्या आमच्या गल्लीने नंतर तिलाच नावं ठेवली. ठेवू देत. मी शेजारीच राहत होते, मला सगळं ठाऊक आहे.

नोरीन लोकरीच्या गिरणीत कामाला होती. अंगाने हडकुळी, पण हात दोरखंडासारखे पिळदार. वडील जाताना छप्पन सालची काळी रोव्हर गाडी तिच्या नावावर करून गेले होते. लग्न झालं आणि किल्ली वॉल्टच्या खिशात गेली. कोळशाची खाण बंद पडल्यापासून वॉल्ट घरीच असायचा, आणि बिअर चढली की हात उचलायचा. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ. तिचं डोकं कपाटावर आपटलं की माझ्याकडच्या कपबशा वाजायच्या.

गाडीचे टायर जुन्या घाटाचे होते, आत आडव्यातिडव्या दोऱ्यांचे थर असलेले. नक्षी अजून शाबूत होती, पण बाजूचं रबर भेगाळलेलं. नोरीनने हट्टाने गाडी डेस अ‍ॅक्रॉइडच्या गॅरेजात नेली. वॉल्टही बरोबर गेला.

डेसने भेगेत नख घातलं. "हे मेलेत, वॉल्ट. रेडियल घाल, नव्या पद्धतीचे, रस्ता घट्ट धरणारे. पण घालशील तर चारही."

"पुढचे दोन दे. मागचे चालतील."

"नाही चालणार. पुढे रेडियल आणि मागे हे असले, तर ओल्या वळणावर पुढचा भाग रस्ता धरेल आणि मागचा सोडेल. मागूनच कुणी लाथ घातल्यासारखी गाडी फिरेल."

"चारही घेऊ या ना," नोरीन म्हणाली. "गाडी बाबांची आहे."

वॉल्टने तिथेच, डेसच्या देखत, तिच्या थोबाडीत मारली. डेस मध्ये पडला, तर त्याच्या तोंडावर गुद्दा बसला. रक्त थुंकत डेस म्हणाला, "असली खिचडी मी बसवणार नाही. निघ."

"तुझ्यावाचून अडलंय होय रे माझं?" म्हणत वॉल्टने दोन टायर उचलले आणि घरीच पुढच्या चाकांवर चढवले.

पुढच्याच रविवारी तो नोरीनला घेऊन हेब्डन ब्रिज गावी आपल्या भावाकडे निघाला. डोंगरमाथ्यावरच्या माळावर पाऊस लागला होता. वळणावर एक मेंढी आडवी आली, वॉल्टने स्टिअरिंग ओढलं. पुढची चाकं वळली, मागची सुटली. गाडी गरगरत गेली, मेंढीला चिरडून दगडी कुंपणावर आदळली. नोरीनचं खांद्याजवळचं हाड मोडलं, वॉल्टच्या गुडघ्याचा चुरा झाला. काचांच्या ढिगात पडल्यापडल्या तो ओरडत होता, "तुझ्या तोंडामुळे झालं हे, भवाने!"

नोरीन मला म्हणाली, "त्या क्षणी माझी भीतीच संपली गं. मेंढीची आतडी माझ्या मांडीवर उडालेली, आणि हा मलाच शिव्या देतोय."

वॉल्ट बिछान्यात होता तोवर तिने डेसकडून गाडी सरळ करून घेतली. गाडीचा सांगाडा दणकट, त्याला काही झालं नव्हतं. टायर निवडायला मी तिच्याबरोबर गेले. डेसने आधी रुंद, बसके, चकचकीत टायर दाखवले.

"हे नकोत," ती म्हणाली. "गाडी लावताना स्टिअरिंग जड जाईल, वळताना मडगार्डला घासतील. बाबांच्या टायरसारखाच उंच, अरुंद घाट दे. आत मात्र रेडियल. गाडीचं वजन पेलतील ना?"

"आरामात. पण रिम जुन्या आहेत, ट्यूब घालावी लागेल."

"घाल. आणि कधीचे बनलेत ते बघू दे. गोदामात म्हातारे झालेले नकोत मला." बाजूवरचा शिक्का तिने स्वतः वाचला. मग म्हणाली, "स्टेपनीलाही असाच."

गाडी दारात आली तेव्हा वॉल्ट काठी टेकत बाहेर आला. हातात मटण कापायची सुरी. "माझ्या घरात राहून माझ्याशीच थेर?" म्हणत त्याने मागच्या टायरच्या कुशीत सुरी खुपसली. फस्सकन हवा गेली. सुरी उपसून तो तिच्या अंगावर वळला. तिच्या पायाशी गाडीतून काढून ठेवलेला जॅकचा दांडा होता. तिने विचार केला नाही.

तो अंगणात विव्हळत पडला असताना तिने जॅक लावला, चाक बदललं, नट एकेक करून आवळले.

"मला दवाखान्यात ने, नोरीन!"

"तुझ्या भावाला सांग," ती म्हणाली, आणि बहिणीकडे व्हिटबीला निघून गेली. अॅम्ब्युलन्स मीच बोलावली. बायकोने हात मोडला हे सांगायची वॉल्टला लाज वाटली. पोलिसांना म्हणाला, जिन्यावरून पडलो.

पुढे एकदा तो बसने व्हिटबीला गेला, गाडी परत आणायला. बंदराच्या उतारावर ती गाडी घेऊन येत असताना आडवा उभा राहिला. तिने वेग कमी केला नाही. अगदी शेवटी कचकन ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत थांबली, पण तोवर घाबरून मागे सरकताना वॉल्ट मासळीच्या पेट्यांवर उताणा पडला होता. त्यानंतर तो फिरकला नाही.

मी विचारलं, "आणि थांबली नसती तर गं?"

नोरीन चहात साखर ढवळत म्हणाली, "तर नसती थांबली."