हमामखान्यातले बुद्ध

मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा असेन, तर कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलाममधल्या माझ्या घरमालकीणबाईंचा. आईवडिलांची गोष्ट वेगळी; त्यांनी शिकवलं म्हणून मी विमानात बसलो. पण विमानातून उतरल्यावर मला बोलतं केलं ते या बाईंनी.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील शाळेत शिपाई, आई सातवी पास, आणि घराण्यातला पहिला पदवीधर मी. इंग्रजी कागदावर चांगलं होतं, तोंडातून मात्र बाहेर येत नव्हतं. बाई मूळच्या बल्गेरियाच्या. तिकडे त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, इकडे येऊन बरीच वर्षं एका दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला होत्या. त्यांनी मला बेसमेंट भाड्याने दिलं आणि त्याच्याबरोबर, मी न मागता, रोज संध्याकाळी अर्धा तास बोलायची प्रॅक्टिस. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायच्या, मी खालच्या. तिथून त्या माझा इंटरव्ह्यू घ्यायच्या.

"कोलेगा, जमिनीकडे काय बघतोस? जमीन तुला नोकरी देणार आहे का?"

कोलेगा म्हणजे सहकारी. त्यांच्याकडे शिक्षक एकमेकांना असं म्हणतात. मी त्यांना बाई म्हणायचो. आमच्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात, हे कळल्यावर त्यांनी मान डावीउजवीकडे हलवली, म्हणजे त्यांना ते पसंत पडलं. बल्गेरियात होकाराला मान आडवी हलवतात आणि नकाराला वरखाली. हे मला माहीत नव्हतं तेव्हा, बेसमेंट बघायला गेलो त्या दिवशी, "किचन सेपरेट आहे का?" असं मी विचारलं. त्यांनी मान आडवी हलवली. मी आपली मराठी मान, जी धड आडवी नसते की उभी, तशी डोलवली. मग आम्ही दोघं थोडा वेळ एकमेकांच्या मानेकडे बघत उभे राहिलो. किचन सेपरेट होतं.

इंटरव्ह्यू संपला की बाई त्यांच्या गावावर यायच्या. त्र्यावना हे डोंगरातलं एवढंसं गाव. मधून नदी, नदीवर उंटाच्या पाठीसारखा दगडी पूल, पुलाजवळ घड्याळाचा मनोरा, आणि चौकात जुनी शाळा. घरांची छपरंसुद्धा दगडी फरश्यांची. गाव लाकडावर कोरीव काम करणाऱ्या कारागिरांचं. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरात म्हणे उस्ताद आणि त्याच्या शिष्याची पैज लागली, की कोण चांगलं छत कोरतो. सहा महिने दोघं दोन खोल्यांमध्ये काम करत होते. दोघांनीही छतावर लाकडाचा सूर्य कोरला.

"जिंकलं कोण?" मी विचारलं.

"शिक्षिकेला हे विचारायचं नसतं. उस्ताद जिंकला. पण त्या दिवसापासून शिष्यालाही उस्ताद म्हणू लागले."

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत मी त्या गावात डोळे मिटून चाललो असतो. मनोऱ्यापासून किती पावलांवर बेकरी, कुठल्या वळणावर हमामखाना, जिथे त्या दर शनिवारी आई आणि बहिणीबरोबर आंघोळीला जायच्या. पण स्वतः बाई तीस वर्षांत एकदाही तिकडे गेल्या नव्हत्या. ओटावातली त्यांची मुलगी दर उन्हाळ्यात म्हणायची, आई, चल, मी तिकीट काढते. बाईंचं उत्तर ठरलेलं.

"माझं गाव माझ्याकडे पूर्ण आहे. तिथे जाऊन ते कमी कशाला करून घेऊ?"

हे त्या हसत म्हणायच्या, पण त्यांना भीती वाटते हे मला कळायचं.

आमच्या लायब्ररीत दर गुरुवारी इंग्रजी बोलण्याचा गट भरायचा. तिथे प्रत्येकाने एकदा आपल्या गावाबद्दल बोलायचं असे. गटात एक रिटायर्ड बस ड्रायव्हर होते, तेही बल्गेरियाचे, बाईंच्या शेजारच्या मोठ्या गावचे. "तुमच्या गावात बस वळवायला जागा नाही," असं ते दर आठवड्याला न चुकता सांगायचे. त्यामुळे बाई आपल्या भाषणाची फार दिवसांपासून तयारी करत होत्या. आणि नेमकं त्याच महिन्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. बाईंनी वहीत लिहून मला दाखवलं: "तू बोल. मी पुढे बसते."

फोटो हवेत म्हणून मी कॉम्प्युटरवर त्यांच्या गावाचा नकाशा उघडला. पूल सापडला, मनोरा सापडला. हमामखान्याच्या जागी मात्र नकाशा म्हणत होता, आशियाई आणि तिबेटी कलेचं संग्रहालय. फोटो उघडला तर बुद्धमूर्ती. आमच्या घरी रोज सकाळी बुद्धवंदना होते. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. ज्या गावानं मला बोलायला शिकवलं, तिथे बुद्ध बसलेले. बाईंना हे सरप्राइज द्यायचं मी ठरवलं.

गुरुवारी सुरुवात छान झाली. छपरं झाली, छतं झाली.

"तू तिथे कधी गेला आहेस?" बस ड्रायव्हरसाहेबांनी मधेच विचारलं.

"नाही."

"वाटलंच. जाऊन आलेल्या माणसाला तिथलं इतकं काही सांगता येत नाही."

सगळे हसले. मग मी शेवटी ठेवलेली गोष्ट काढली. हमामखान्यात आता बुद्ध आहेत, असं म्हणालो आणि बाईंकडे बघितलं. बाई मान वरखाली हलवत होत्या. मला वाटलं, खूश झाल्या. तीन वर्षं त्यांच्या घरात राहून मला त्या मानेचा अर्थ पाठ होता, पण माईकसमोर मी पुन्हा विदर्भातला झालो होतो. त्या जितक्या जोरात मान हलवत गेल्या, तितका मी खुलत गेलो. ध्यानमुद्रा समजावून सांगितली. भूमिस्पर्शमुद्रा करून दाखवली. शेवटी बाई कमरेपासून हलायला लागल्या, तेव्हा मी हात जोडून भाषण संपवलं.

"हमामखान्यात बुद्ध," ड्रायव्हरसाहेब बाईंना म्हणाले. "आणि साबण कोण देतो मॅडम, दलाई लामा?"

गाडीत बाईंनी वही काढली. "माझ्या गावाची थट्टा केलीस. त्याच्यासमोर."

मी फोनवर फोटो दाखवायला गेलो. त्यांनी बघितला नाही. "कॉम्प्युटर काहीही लिहितो," एवढं लिहून त्यांनी वही मिटली आणि घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

पुढचे दोन आठवडे जिन्याची वरची पायरी रिकामी होती. मी रोज संध्याकाळी खालच्या पायरीवर बसून बघायचो, मग उठून कुकर लावायचो.

आवाज परत आला त्या सकाळी बाईंनी पहिला फोन गावी, धाकट्या बहिणीला केला. बेसमेंटमध्ये मला सगळं ऐकू येत होतं, कळत काही नव्हतं. आधी बाई ओरडत होत्या, मग बहीण ओरडत असावी, कारण बाई गप्प होत्या. मग जिन्यावर पावलं वाजली. बाई वरच्या पायरीवर न थांबता खाली आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"खरं आहे म्हणते. कितीतरी वर्षं झाली म्हणते. मला पत्रातून कळवलं होतं."

"मग?"

"मी वाचलं नसेन नीट. मला बातम्या नको असायच्या." पुढे म्हणाल्या, "मी तिला तीस वर्षं गाव सांगत होते, कोलेगा. राहते तिथे ती, आणि सांगत होते मी."

मी माफी मागितली. त्यांनी मान वरखाली केली. या वेळी मी अर्थ बरोबर लावला: माफीची गरज नाही.

"आणखी काय काय बदललंय?"

"मला नकाशावर जेवढं दिसलं तेवढंच माहीत आहे, बाई."

"म्हणजे उरलेलं मलाच बघावं लागणार," त्या म्हणाल्या. त्यांनी आपला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

जूनमध्ये ओटावाहून मुलगी आली. मी दोघींना व्हँकुव्हरच्या एअरपोर्टवर सोडलं. गेटवर बाई म्हणाल्या, "वाईट निघालं तर तुला जबाबदार धरीन."

मुलगी तीन आठवड्यांनी परतली, बाई तिथेच राहिल्या. ऑगस्टमध्ये त्यांचं कार्ड आलं. त्याला मी इंग्रजीत उत्तर पाठवलं, ते इथे मराठीत देतो.

आदरणीय बाई,

कार्ड मिळालं. बेकरी गेली, दोन ओळखीची घरं पडली, बहिणीशी रोज भांडण होतं, आणि म्हणून तुम्ही हिवाळाभर तिथेच राहणार, असं तुम्ही लिहिलंत. ते 'म्हणून' मी तीन वेळा वाचलं. तुम्ही लिहिलंत तर बरोबरच असणार.

त्या गुरुवारी मी तुमचं गाव मोडलं, असं मला वाटत होतं. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही उलट मलाच धीर दिला असता. बुद्धांच्या खोलीत अजून ओलसर वास येतो आणि तुम्ही तिथल्या बाकावर एक तास बसून होतात, हे वाचून मी पहिल्यांदा शांत झोपलो.

मला प्रमोशन मिळालं. तीस लोकांसमोर बोललो, फारसं अडखळलो नाही. आईला फोन केला, लगेच तुम्हाला लिहायला बसलो.

टोमॅटो भरपूर लागलेत, शेजारी वाटतोय. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलला. ड्रायव्हरसाहेब दर गुरुवारी तुमची चौकशी करतात आणि चौकशी केली नाही असं दाखवतात.

घराची काळजी करू नका, आणि माझ्यासाठी घाई तर मुळीच नको. तुम्ही परत आलात तर मला आनंद होईल. नाही आलात तरी होईल. फक्त त्याला थोडा वेळ लागेल.

तुमचा,
बेसमेंटमधला कोलेगा