दिवसा पाडलेली रात्र

माझा स्वभाव मूळचाच संशयी. दूध पातळ लागलं तर दूधवाल्याकडेच काय, म्हशीकडेही मी रोखून बघणार.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन कुटुंबाने आम्हाला काचेची टाकी आणि चार रंगीत मासे देऊन टाकले. जवळच्या सुपेला गावच्या तलावातून शेवाळाचा गुंता आणून मीच आत सोडला. पुढे वीस-बावीस पिल्लं झाली. शेजारच्या ताईंनी त्यातली दोन मागितली, तर "मोठी होऊ द्या" म्हणून मी टाळलं.

यांची रात्रपाळी आली की खिडक्यांना घोंगड्या ठोकून मी आठवडाभर खोलीत काळोख करून ठेवी. भट्टीजवळ पेंगणारा माणूस म्हणजे जिवाशी खेळ. आमच्या तान्ह्या पोरीच्या रडण्याने ते उठू नयेत म्हणून ताई दुपारी येऊन तिला आपल्याकडे नेत. आणि नेमकी त्याच आठवड्यांत पिल्लं कमी होत. मी रोज संध्याकाळी मोजत होते. पाळी बदलून घोंगड्या उतरल्या की एकही घटत नसे.

तिसऱ्या रात्रपाळीला मी बोललेच. "ताई, दुपारी तुमीच येऊन राहिल्या घरात. मंग पिल्लं कुठं जाऊन राहिली?"

"मले इचारून राहिली तू?" एवढंच म्हणून त्यांनी पोर माझ्या कडेवर दिली आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी पोर घरातच. तिला गप्प करायला मी टाकीवर टॉर्च धरला. शेवाळावर दोऱ्यासारखे बारीक जीव हात पसरून बसले होते आणि एकाच्या हातांत पिल्लू अडकलं होतं. उजेडात तेच आखडून ठिपक्याएवढे होत, मी त्यांना घाण समजले होते. इतर आठवड्यांत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर टाकीवर पडायचा, म्हणून ते आखडूनच राहत. त्यांना हायड्रा म्हणतात, ते पोवळ्याच्या जातकुळीतले, हे पुढे पोरीच्या शाळेच्या पुस्तकात वाचलं.

पोर भोकाड पसरून रडली, हे उठले आणि बिनझोपेचेच कामावर गेले. सकाळी ते धड परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

मी ताईंकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी पोर घेतली. संध्याकाळी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच ती परत दिली आणि दोन्ही रिकामे तळवे माझ्यापुढे उघडून दाखवले. आम्ही क्वार्टर बदलेपर्यंत प्रत्येक रात्रपाळीत ताई पोरीला सांभाळत राहिल्या आणि रोज संध्याकाळी तसेच हात दाखवत राहिल्या.