खाडीचा स्वच्छ गाळ

खाडीतला गाळ आणायला मी घरातल्या लोणच्याच्या दोन बरण्या उचलल्या. रिकाम्या वाटल्या म्हणून उचलल्या. एकीच्या तळाशी मुरलेल्या लिंबाच्या फोडी होत्या, हे होडीत बसल्यावर कळलं. आता टाकायच्या कुठे, म्हणून मी त्या खाऊन टाकल्या. बायकोचा धाकटा भाऊ होडी चालवत होता. तो म्हणाला, "खावा भावजी. ताई बरणीचं तोंड हुंगून ओळखल."

मेव्हणा शिवडीच्या कोळीवाड्यातला. कारखान्यांची घाण नाल्यातून खाडीत उतरायची आणि त्याच्या जाळ्यात मेलेली मासळी यायची. जिवंत यायची तिलाही बाजारात बायका नाक लावून परत पाटीत टाकायच्या. खाडीच्या दोन काठांवर दोन पालिका होत्या, आणि गाळ तपासायचा खर्च कोणी करायचा यावर त्यांचं भांडण चाललं होतं. शेवटी ठरलं ते असं: दोघींनी आपापल्या काठचा गाळ प्रयोगशाळेत द्यायचा. जिच्या गाळात विष जास्त, तिने पुढच्या तपासणीच्या खर्चाचा जास्त वाटा उचलायचा. दोन्हीकडे काहीच निघालं नाही, तर तपासणी बंद. म्हणजे मेव्हण्याची मासळी मरायची ती मरत राहणार.

मी अलीकडच्या पालिकेत कारकून. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "गाळ आण. पण जरा बघून आण."

बघून म्हणजे काय ते मला कळलं आणि मेव्हण्यालाही. तरी नात्याखातर त्याने होडी काढली. नाल्यापासून चांगलं लांब, भरतीने धुऊन काढलेला वाळूचा एक उंचवटा होता. तिथे पोचलो तर पलीकडच्या पालिकेचा कारकून धोतर खोचून आधीच खणत होता. आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि एकाच खड्ड्यातून गाळ भरून घेतला.

"दोन्ही काठ हितंच आलं म्हणायचं," मेव्हणा म्हणाला. "मग आमची मासळी मरते ती म्हातारपणानं."

बंदरावर उतरल्यावर बरण्यांची पिशवी जड म्हणून तो माझ्याबरोबर लालबागला घराकडे निघाला. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गिरण्या बंद, दुकानांना फळ्या. आम्ही गल्लीतून नाक्यावर आलो ते थेट दगडांच्या आणि लाठ्यांच्या मध्ये. पोलिसांनी मोर्चा अडवला होता. रस्ताभर विटांचे तुकडे, चपला, टोप्या. सोड्याच्या बाटलीने एका पोलिसाचा गाल फाडला होता. तो फुटपाथवर दोन्ही हातांनी तोंड धरून बसला होता आणि बोटांच्या फटींतून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. ते पाहून त्याचे सोबती समोरच्या चाळीत घुसले. सापडेल त्याला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढू लागले. पायऱ्यांवर डोकी आपटत होती. तो आवाज मला अजूनही नारळ फोडताना ऐकू येतो, म्हणून आमच्याकडे नारळ बायको फोडते.

अश्रुधुराने डोळ्यांत तिखट भरल्यासारखं झालं होतं. एक गिरणी कामगार माझ्या अंगावर येऊन आदळला.

"पिशवीत काय हाय रे?"

"गाळ," मी म्हणालो. नको तिथे खरं बोलायची मला सवयच आहे.

"गाळ? दे इकडे."

त्याने एक बरणी ओढून घेतली आणि फेकली. ती एका अधिकाऱ्याच्या खांद्यावर फुटली. मग सगळ्या लाठ्या आमच्याकडे वळल्या. पळायचं सोडून मी दुसरी बरणी मांडीत घेऊन खाली बसलो, बारशाला बसावं तसा. डोक्यावर येणारी लाठी मेव्हण्याने हातावर घेतली. हाड मोडल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. पुढची लाठी बरणीवर बसली आणि ती फुटली, त्यानंतरच्या माझ्या बरगड्यांवर. तोंडात रक्त आलं, आणि त्यात लिंबाची चव होती.

मग गोळ्या सुटल्या. बरणी फेकणारा तो कामगार माझ्यासमोरच पडला. गोळी गळ्यात घुसली होती. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण प्रत्येक श्वासाला गळ्यातून रक्ताचा बुडबुडा येत होता. थोड्या वेळाने तेही थांबलं. त्याच्या उघड्या तळहाताला आमचा स्वच्छ गाळ लागलेला होता.

मेव्हण्याने उरलेल्या हाताने माझी कॉलर धरून मला घरापर्यंत ओढत नेलं.

संचारबंदी उठेपर्यंत मी कुशीवर पडून होतो. उठल्यावर बायकोने विचारलं, "गाळ कधी द्यायचाय?"

"उद्या. पण आता होडी कोण काढणार? त्याचा हात गळ्यात बांधलाय."

"होडी कशाला? नाल्याच्या तोंडाशी चालत जाता येतं."

"अगं, तो गाळ नको आहे साहेबांना."

"माझ्या भावाला हवाय."

तिने फळीवरची शेवटची बरणी उतरवली, त्यातलं लोणचं पातेल्यात काढलं आणि पदर खोचून पुढे निघाली. मी बरगड्या धरून मागे. नाल्याच्या तोंडाशी घोट्यापर्यंत काळा गाळ होता. पाय चुरचुरायला लागले. तिने हातानेच बरणी भरली आणि फडकं बांधून माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मी ती प्रयोगशाळेत नेऊन ठेवली.

निकाल आला. पलीकडच्यांची वाळू निर्मळ, आमच्या बरणीत विष. तपासणी पुढे चालणार आणि खर्चाचा मोठा वाटा आमच्या पालिकेचा. साहेबांनी मला उभं करून झापलं. शेवटी म्हणाले, "आणि विष तरी केवढं? एवढंसं. एवढ्याशाने काय होतं?"

संध्याकाळी मी हे जसंच्या तसं घरी सांगितलं. मेव्हणा डाव्या हाताने जेवत होता. बायको त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढत होती. तिने मान वर केली नाही.

"ती बरणी परत मागून आणा," ती म्हणाली. "नुसती विसळून त्यात लोणचं घालते. पहिली फोड साहेबांना नेऊन द्या, आणि ते खाईपर्यंत तिथनं हलू नका."