कुंकू लागलेली काहील

वडगाव रासाईच्या वच्छलाबाईंना शेवंती निवडताना बघावं. आज कोमेजणारं फूल आधी गाडीत, टिकणारं मागून. जन्म त्यातच गेला. म्हणून भीमेला पूर आला, की कुणाकडं काय आहे ते शोधत गाव सैरावैरा पळतं आणि कामाची जिन्नस ज्याच्या त्याच्या भावकीत अडकून पडते, हे बघून बाईंचं टाळकंच फिरायचं.

यंदा पावसाळ्याआधी त्या ताट घेऊन घरोघर फिरल्या. जीव वाचवायला लागतील त्या जाड दोरांच्या नाड्यांना, ट्रॅक्टरच्या ट्यूबांना कुंकू. पोटासाठी लागतील त्या पातेल्यांना, शेगड्यांना हळद. पूर ओसरल्यावर लागतील त्या फावड्यांना बुक्का. कुंकवाचं आधी निघायचं, आणि ते साऱ्या गावाचं. म्हातारीनं फावड्यांची पूजा मांडली म्हणून लोक हसले. सर्जेरावांच्या गुऱ्हाळाबाहेर गूळ कढवायची जुनी, भलीमोठी काहील पालथी पडली होती. पुरात होडीसारखी तरंगेल म्हणून तिलाही कुंकू लागलं, तेव्हा सर्जेराव मनातून चिडले. पण लावलेलं कुंकू पुसायला हात कुणाचा धजतोय? राहिलं.

बाईंची चूक एकच, पण केवढी! आषाढात सगळे रंग धुऊन गेले. गाव पुन्हा हसलं.

श्रावणात भीमा फुगली. सकाळीच ओढ्यात पाणी शिरलं आणि पलीकडं मळ्यातल्या घराच्या पत्र्यावर बाईंची सून ऋतिका तान्ह्या लेकीला घेऊन अडकली. मुलगा ज्ञानेश रांजणगावला ड्यूटीवर. बाई गुऱ्हाळाकडं धावल्या, तर सर्जेरावांचा चुलतभाऊ काहील मागायला आधीच हजर. त्याला खताच्या गोण्या काढायच्या होत्या, आणि भावकीचा मान पहिला. काहिलीवर कुंकवाचा ठिपकासुद्धा उरला नव्हता. मागायचं कशाच्या जोरावर?

सर्जेरावांनी काहिलीवरून हात फिरवला. भावाला म्हणाले, "रंग गेला आसंल. पन हिला कुंकू लागलंय, म्या बघितलंय. गोण्या बुक्क्यातल्या."

मग काय विचारता! कुणी न मागता ट्यूबा आल्या, नाडे आले. पोहणाऱ्या गड्यांनी काहील पलीकडं नेली. भर दुपारी ती परत आली, तेव्हा आत ऋतिका होती, कुशीत लेक गाढ झोपलेली, आणि काठावर हळदीच्या पातेल्यांत भात शिजत होता. कंबरभर पाण्यातून काहील ओढायला सर्जेराव सगळ्यात पुढं.

वच्छलाबाई रडल्या, हसल्या, घरी जाऊन करंडा घेऊन आल्या. कुंकू आधी काहिलीला लावलं, मग सुनेला.