पाणकणसाचा कोपरा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपूरला घरी जेवायला बसत होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ती फोनवर एवढंच म्हणाली, "दाजी गेले रे. सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणाले... तू गाडी सावकाश चालव." दोन दिवसांनी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यांत दाजींना शास्त्रज्ञ म्हटलं होतं आणि त्यांनी गावाचं तळं वाचवलं, असंही छापलं होतं. मी दूध संस्थेत हिशेब बघतो, चुकीचा आकडा तसाच पुढं ओढणं मला जमत नाही. दाजी शास्त्रज्ञ नव्हते. ते आणि अक्का दोघंही हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. आणि तळं वाचलेलं नाही. त्याचा एक कोपरा वाचला, फार तर चौथाई. तो कसा वाचला तेवढं मला ठाऊक आहे.

अक्काचं सासर उचगावच्या पुढं, आतल्या रस्त्याला. नव्वदच्या सुमारास दाजी मातीची शिल्पं करत. तळ्यावर माती आणायला जायचे आणि तिथंच रमायचे. एका दिवाळीत मी गेलो तर ते कंबरभर पाण्यात, तळ्याच्या एका कोपऱ्यातल्या पाणकणसाच्या दाट रानात उभे. हातात एक वायर, तिच्या टोकाला घरीच केलेला पाण्यातला माईक. खेळण्यातल्या बझरची पितळी चकती मेणात बुडवून त्यांनी ती सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात पंक्चरच्या सोल्युशननं बंद केली होती. वायरचं दुसरं टोक जुन्या टेपरेकॉर्डरला. त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. तव्यात मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता. ऊन पडलं की पाण्याखालच्या वनस्पती बुडबुडे सोडतात, त्यांचा हा आवाज, असं ते म्हणाले. हे ऐकून करायचं काय, असं मी विचारलं. "पावणं, आदी ऐका तरी," ते म्हणाले. "करायचं मागनं बघू."

पुढं दाजी आणि अक्कानं मिळून रांजण करून घेतले. तळाशी स्पीकर बसवायचा आणि ऐकणाऱ्यानं रांजणाच्या तोंडातून डोकं आत घालायचं. रांजण कसा घडवायचा ते अक्का कुंभाराला सांगायची. बेडकाला अरुंद तोंडाचा बरा, पाणकिड्यांना रुंद, हे तिचं मत. कोल्हापुरात त्यांनी एकदा प्रदर्शनही मांडलं. आलेल्यांतल्या एकानं रांजण केवढ्याला, एवढंच विचारलं.

अशातच पंचायतीनं ठरवलं, की पाणकणीस सगळं उपटायचं आणि तळ्याला चारी बाजूंनी दगडी घाट बांधायचा. लोकांचं म्हणणं खोटं नव्हतं. तिथं डास होते, सापही निघत. दाजी ग्रामसभेत उठले आणि त्या कोपऱ्यात काय काय बोलतं ते सांगायला लागले. लोक हसले. मास्तरांना बेडकाची भाषा कळते, असं मागून कुणी तरी म्हणालं. त्या आठवड्यात अक्का मला म्हणाली, कोपरा गेला तर हा माणूस काय करेल ते मला सांगता येत नाही.

त्याच साली गणेश मंडळाचा देखावा करायला कुणी मिळेना. मंडळाचा अध्यक्ष सर्जेराव घरी आला. "मास्तर, हलता देखावा पायजे. पलीकडच्या गावानं गेल्या साली राक्षस उडवलाय." दाजी हो म्हणाले आणि त्यांनी पाणकणसातून मंडपापर्यंत वायर ओढली. अंतर सहाशे फुटांच्या आसपास होतं, मी पावलांनी मोजलं होतं. मंडपात गणपतीपुढं रांजण मांडले. पहिल्या संध्याकाळी लोक आत डोकावले, कॅसेट लावलीय म्हणाले आणि निघून गेले. सर्जेराव वैतागला. "ह्यात हलतंय काय, मास्तर?" असं म्हणत त्यानं रांजणात डोकं घातलं, आणि तेवढ्यात आत ढबाढब आवाज सुरू झाला. त्यानं डोकं बाहेर काढलं. "कुणाच्या म्हशी शिरल्या रं पाण्यात?" एकजण पळत जाऊन बघून आला. म्हशी सर्जेरावच्याच होत्या.

मग रांग मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. देखावा चालू असेपर्यंत कुणी जनावरं तळ्यात घालू नयेत, असं मंडळानं स्पीकरवरून सांगितलं. विसर्जनाच्या दिवशी सगळा गाव तळ्यावर गेला. दाजींच्या आईला चालवत नव्हतं, म्हणून अक्कानं तिला रांजणापाशी बसवलं. मीही तिथंच होतो. म्हातारी बराच वेळ आत कान लावून होती... मग आतूनच तिचा आवाज आला, "टेकला गं. आता टेकला तळाला." आणि तिनं रांजणालाच हात जोडले.

पुढच्या ग्रामसभेत दाजी भाषण लिहून घेऊन गेले होते. ते खिशातच राहिलं. आधी सर्जेरावच उठला. "घाट तीन बाजूंनी बांधा. त्यो कोपरा काढला तर फुडच्या साली देखावा कुठनं आणायचा?" ठराव झाला. बेडकांचा उल्लेख कुणी केला नाही, आणि दाजींनीही आपणहून विषय काढला नाही. त्यानंतर जवळजवळ दर वर्षी मंडपात रांजण लागत राहिले.

परवा मी अक्काकडं होतो तेव्हा नवे सरपंच भेटायला आले. चांगला मुलगा आहे. दाजींचं स्मारक करायचं म्हणाला. तळ्याच्या त्याच कोपऱ्यात फरशी, दोन बाकं आणि त्यांच्या नावाचा दगड. अक्का म्हणाली, "त्यासाठी पाणकणीस काढाय लागंल की."

"थोडंच, अक्का. लोकांस्नी बसाय नको?"

"बाक कुणासाठी घालतोस बाबा? ते सारा जन्म कंबरभर पाण्यात उभं ऱ्हायले."

भिंतीला टेकून बसलेल्या सर्जेरावला हसू आलं. त्या घरात इतक्या दिवसांत कुणी हसलं नव्हतं. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि सरपंचाला म्हणाला, "ऱ्हाऊ दे तसंच." विषय तिथंच संपला.

दुपारी अक्का मला घेऊन तळ्यावर गेली. तीन बाजूंना दगडी घाट, बायका धुणं धूत होत्या. चौथ्या बाजूला दाजींच्या नावाचं काहीही नाही, नुसतं पाणकणीस. अक्कानं चपला काढल्या, लुगडं खोचलं आणि साठी उलटलेली माझी बहीण पाण्यात उतरली. तिनं वायर चाचपडत चकती वर काढली, पदरानं त्यावरचं शेवाळ पुसलं आणि परत खाली सोडली. मी हात पुढं केला, तो तिनं धरला नाही.

"रोज पुसाय लागतं," ती म्हणाली. "न्हाईतर ऐकू यायचं कमी हुतं."