बर्फवाल्याची जागा

आमच्या बोईसरच्या सेवा क्लबात एका धंद्याचा एकच सभासद घेतात. सगळे व्यवसाय एका टेबलाशी यावेत, एकाच धंद्याचं राज्य होऊ नये, हा हेतू. मला तो नियम आजही पटतो. पण त्यामुळेच घिवलीचा तो बर्फवाला बाहेर राहिला.

मच्छीमार बोटींना तो बर्फ पुरवायचा. पाहुणा म्हणून एकदा बैठकीला आला. आम्ही उभं राहून क्लबचं ब्रीद वाचलं, तेव्हा तोही उभा राहिला. बर्फाच्या धंद्याची जागा भरलेली असल्याचं मीच त्याला सांगितलं. त्याने पँटला तळवा पुसून हात मिळवला. तरी तो गारच लागला.

पुढे भर उन्हाळ्यात सालवडला आमचं रक्तदान शिबिर होतं. बर्फाची जागा असलेले आमचे सभासद लग्नाला गेलेले, सरबताच्या बाटल्या तापलेल्या. तेवढ्यात दारात टेंपो थांबला. घिवलीचा तोच बर्फवाला गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी उतरवू लागला.

मी ओशाळून म्हणालो, "अहो, जागा अजून रिकामी झाली नाही."

"जागेसाठी नाय आलो," लादी खाली ठेवत तो म्हणाला. "तुमी त्या दिवशी वाचलं ना, आधी दुसऱ्याचं काम, मग आपलं. मला वाटलं, ते सगळ्यांसाठीच हाय."