पाणी टाकलेला अभ्यास

"पाटी खाली ठेव. सरक मागं."

मी ठेवली. सरकले. वर्गातल्या एका पोरीनं तांब्या आणला आणि माझ्या पाटीवर पाणी ओतलं. मग मास्तरांनी पाटी उचलली. उलटी केली, सुलटी केली.

"घरचा अभ्यास कुठाय?"

"केला हुता मास्तर. पान्यानं गेला."

"उलट बोलतेस? उद्या दुप्पट आण."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

पाटीवरचं लिहिणं पाण्यापुढं टिकतं होय? मी महाराची. माझी पाटी बाटलेली, म्हणून आधी पाणी. पाणी पडलं की अक्षरं जाणार, अक्षरं गेली की छडी. तीही फेकून मारायची. धरून मारली तर विटाळ छडीतून चढेल ना मास्तरांच्या अंगात! मी बसायची दाराबाहेर, तरटावर.

त्या दिवसांत आमची माणसं रामाच्या देवळाच्या दाराशी बसली होती. आत येऊ द्या म्हणत होती, मार खाऊन डोकी फोडून घेत होती. तो राग मास्तर माझ्यावर काढायचे. दुप्पट अभ्यास, मग त्याच्याही दुप्पट. दिवस कलला की मी उंबऱ्यात पाटी घेऊन बसायची. आई ओरडायची, "अगं, जात्याला जरा हात लाव की!" कसला हात लावते? पाढे, बेरजा, भागाकार, पाटी दोन्हीकडून भरायची. सकाळी कुणाला घासू नये म्हणून दोन्ही हातांवर आडवी धरून न्यायची. तांब्याभर पाण्यात सगळं मातीत.

पुढच्या ओळीतल्या वकिलाच्या पोरीचा अभ्यास तिचा थोरला भाऊ करून द्यायचा. शाबासकी तिला.

एवढ्या अभ्यासानं मला काही आलं का? आलं की. भागाकार झोपेतसुद्धा विचारा. पण त्या मास्तराचे आभार मानू? मेल्यानं तो अभ्यास मी दमून घरी बसावं म्हणून दिला होता. परीक्षा तोंडावर आली तेव्हा माझ्या बापाला सांगून मोकळा झाला, "पोरगी घरचा अभ्यास करीत नाही. वरच्या इयत्तेत घालणार नाही." बाप देवळालीच्या छावणीत घोड्यांची लीद काढायचा. त्यालाही ते खरंच वाटलं. म्हणाला, "पोरी, कर की गं अभ्यास. मी लीद काढतो ती कुनासाठी?" त्या दिवशी मी रडले. छडीनं कधी रडले नव्हते.

मग एक दिवस मास्तरांना सर्दी झाली. शाल गुंडाळून खुर्चीत बसले होते. म्हणाले, "जागेवरूनच पाट्या वर धरा." पोरांनी धरल्या. मास्तर खुर्चीतून वाचत गेले. "बरोबर. बरोबर. तुझा तिसरा चुकला." पार शेवटच्या ओळीपर्यंत. मग दाराकडं बघून म्हणाले, "तू खाली ठेव. पाणी आणा रे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, वाचायला हात लागतच नाही! डोळे लागतात. आणि ते याला आहेत. इतके दिवस होते!

मी उठले. पाटी छातीपुढं धरली.

"नाय ठेवनार. आधी वाचा."

"काय म्हणालीस?"

"वाचा म्हनलं. मग वता पानी."

छडी आली. कानावर बसली. रक्त आलं. पाटी मी खाली केली नाही. मास्तर लांबूनच किंचाळले, "चालती हो! उद्या आलीस तर हाकलून देईन!"

घरी बाप कान बघून हबकला. माझ्यापुढं हात जोडले त्यानं. बापानं! "जा पोरी, पाया पड त्यांच्या. लांबनं पड. नायतर साळा गेली."

"नाय पडनार आबा. आन साळाबी नाय सोडनार. उद्या दाराच्या मधोमध हुबी ऱ्हानार, पाटी वर धरून. वाचत नाय तवर हालायची नाय."

"हाकलतील गं."

"कसे? छडी फेकतील, दगड फेकतील. फेकू दे. पन मला तितनं काढायचं म्हनलं तर दंडाला धरावं लागंल. बघू कोन धरतो."